पाच टर्नांचा पाऊस

पोकेमॉनच्या लढतीत पाऊस सुरू झाला की पाणी प्रकारच्या मूव्हचा मारा दीडपट होतो आणि आग प्रकारचा निम्म्यावर येतो. एरवी दहांतून तीनदा हुकणारे ‘थंडर’ आणि ‘हरिकेन’ पावसात हुकत नाहीत. ‘सोलर बीम’ची ताकद अर्धी होते, आणि ‘सिंथेसिस’सारख्या मूव्हने जिथे निम्मी एचपी भरून निघते तिथे पावसात पावच भरते. हे नियम मैदानावरच्या सगळ्यांना सारखे लागू असतात. पाऊस कोणी पाडला हे पाऊस विचारत नाही, आणि हवामानावर उभ्या केलेल्या टीमबद्दलचा बहुतेक वाद इथूनच सुरू होतो.

अधिकृत स्पर्धा, म्हणजे व्हीजीसी, डबल्सची असते. प्रत्येक खेळाडू सहा पोकेमॉनची टीम घेऊन येतो, समोरच्याचे सहा पाहतो आणि आपले चार निवडतो. मैदानात एका वेळी दोघांसमोर दोघे. लेव्हल सगळ्यांची ५० धरली जाते आणि एकच वस्तू टीममधल्या दोघांना देता येत नाही. या चौकटीत पाऊस कसा बसवावा याबद्दल खेळाडूंचे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, पाऊस आणायचा तर टीमच पावसावर उभी करा. दुसऱ्याच्या मते पाऊस हे टीममधले एक हत्यार असावे, टीमचा पाया नव्हे. शेतीच्या भाषेत पहिल्याला पावसाळी आणि दुसऱ्याला बारमाही म्हणता येईल. पुढचा संवाद याच दोन नावांनी दिला आहे.

पावसाळी : हा हिशेब बेरजेचा नाही, गुणाकाराचा आहे. पाण्याच्या पोकेमॉनने पाण्याची मूव्ह वापरली की स्वतःच्या प्रकाराचा दीडपट फायदा मिळतोच. वर पाऊस असला की दीड गुणिले दीड, सव्वादोनपट. ‘टेरा’ने लढतीत प्रकार निवडताना पुन्हा पाणीच घेतलं तर दोन गुणिले दीड, तिप्पट. पेलिपरचा ‘वेदर बॉल’ बघा. कोरड्यात तो ५० ताकदीचा, नॉर्मल प्रकारचा, कुणाला घाबरवणार नाही असा. पावसात तोच १०० ताकदीचा होतो, पाण्याचा होतो, आणि दोन्ही गुणक लागून २२५ वर जातो. आणि पेलिपर हा काही टीममधला मुख्य मारेकरीसुद्धा नव्हे.

बारमाही : आणि स्पीडचं काय?

पावसाळी : तेच सांगायचं होतं. किंगड्राचा मूळ स्पीड ८५. ५० लेव्हलला २५२ ईव्ही (सरावातून मिळणारे गुण) सगळे स्पीडमध्ये घालून, पण नेचर (एक गुण वाढवणारा स्वभाव) माऱ्यासाठी ठेवून, तो १३७ वर जातो. ड्रॅगापल्टचा मूळ स्पीड १४२, नेचरसकट सगळं स्पीडला लावलं की २१३. कोरड्यात किंगड्राला ड्रॅगापल्टची शेपूटही दिसत नाही. पावसात ‘स्विफ्ट स्विम’मुळे १३७ चे २७४ होतात. स्पीडवर नेचर खर्च न करता तो पुढे निघतो, आणि वाचलेली नेचर माऱ्यात जाते.

बारमाही : उघडीप पडली की २७४ चे पुन्हा १३७. शिवाय त्याच ड्रॅगापल्टने चॉइस स्कार्फ घातला तर ३१९. त्याच्या जोडीदाराने ‘टेलविंड’ लावला तर ४२६. टेलविंडला ढग लागत नाहीत. तुमची सगळी कमाई आकाशाच्या भरवशावर आहे, आणि आकाश तुमच्या एकट्याच्या मालकीचं नाही.

या ‘उघडीप’ शब्दामागे खेळाचा बराच इतिहास आहे. हवामान पहिल्यांदा आले १९९९ च्या गोल्ड–सिल्व्हरमध्ये, मूव्हच्या रूपात. २००२ च्या रूबी–सफायरमध्ये ते ॲबिलिटी म्हणून आले. कायोगर मैदानात उतरला की ‘ड्रिझल’ने पाऊस, ग्राउडन उतरला की ‘ड्राउट’ने ऊन, टायरॅनिटार उतरला की ‘सँड स्ट्रीम’ने वाळूचे वादळ. ॲबिलिटीने आणलेले हे हवामान दुसरे कुणी बदलेपर्यंत संपत नसे. पण कायोगर आणि ग्राउडन हे राखीव वर्गातले महाकाय पोकेमॉन असल्याने रोजच्या स्पर्धेत त्यांचा उपद्रव बेताचाच होता. ब्लॅक–व्हाइटच्या पिढीत, २०१० नंतर, साध्या पॉलिटोडलाही ड्रिझल मिळाले आणि सिंगल्सचे चित्र पालटले. कायमचा पाऊस आणि त्यात दुप्पट वेगाने धावणारे किंगड्रा, लुडिकोलो यांच्यापुढे बाकीच्या टीम टिकेनात. स्मॉगॉन या खेळाडूंच्या नियम ठरवणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये ड्रिझल आणि स्विफ्ट स्विम एकाच टीममध्ये ठेवायला मनाई केली. पॉलिटोडवर बंदी नाही, किंगड्रावर बंदी नाही, फक्त दोघे एकत्र नकोत. बंदी एखाद्या पोकेमॉनवर न येता जोडीवर यावी, इथेच त्या गुणाकाराची जात कळते.

खेळ बनवणाऱ्यांनी याचा निकाल २०१३ च्या एक्स–वायमध्ये लावला. तेव्हापासून ॲबिलिटीने आणलेले हवामानही पाचच टर्न टिकते. पाडणाऱ्याच्या हातात ‘डॅम्प रॉक’ असेल तर पाऊस आठ टर्न चालतो. ऊन, वाळू आणि बर्फ यांनाही असेच आपापले दगड आहेत.

बारमाही : पाच टर्न ऐकायला पुष्कळ वाटतात, म्हणून मोजून बघू. ड्रिझलचा पेलिपर सुरुवातीलाच मैदानात आहे, म्हणजे पहिल्या टर्नआधीच पाऊस पडला. पहिल्या टर्नला पेलिपर टेलविंड लावतो, जोडीदार ‘प्रोटेक्ट’ करतो. उरले चार. दुसऱ्या टर्नला समोरचा एकाला मागे घेऊन टायरॅनिटार आणतो. अदलाबदल नेहमी माऱ्याच्या आधी होते, म्हणजे किंगड्रा हात उचलेपर्यंत पाऊस गेलेला असतो आणि वाळू सुरू असते. आता पाऊस परत आणायचा तर पेलिपरला आधी बाहेर जावं लागेल, मग परत यावं लागेल. दोन टर्न, आणि दोन्ही वेळा आत येणारा फुकटचा मार खाणार. परत आल्यावर तो ज्या टर्नला आला तो टर्नही पाचांत मोजला जाणार. ही दुबार पेरणी आहे, आणि दुबार पेरणीचं बियाणं कुणी फुकट देत नाही.

पावसाळी : टायरॅनिटार येतो तेव्हा तोही काहीतरी गमावतो. त्याचा जोडीदार एकटा पडतो, आणि रॉक प्रकारामुळे पाण्याचा मार त्याला दुप्पट बसतो.

बारमाही : त्याच वाळूत रॉक प्रकाराचा स्पेशल डिफेन्स दीडपट होतो, हे सोयीने विसरलात. आणि पाऊस गेल्यामुळे तुमचा मार दीडपट नाही, साधाच आहे.

इथे दोघांचा वाद एका बारीक नियमापाशी येऊन अडतो. लढत सुरू होताना दोन्ही बाजूंचे हवामान आणणारे एकदम उतरले, तर ॲबिलिटी स्पीडच्या क्रमाने लागू होतात. आधी वेगवान, मग मंद. म्हणजे मंदाचे हवामान शेवटी येते आणि तेच टिकते. लढाईत जिंकायला वेग लागतो, हवामान राखायला मंदपणा लागतो, अशी ही उलटी गंगा आहे. स्पीडमध्ये ईव्ही न घालता पेलिपर ८५ वर असतो आणि टायरॅनिटार ८१ वर. चारच आकड्यांचा फरक, पण पाऊस पडून लगेच वाळू सुरू होते. पेलिपरचा स्पीड मुद्दाम पाडायचा, म्हणजे आयव्ही (जन्मजात गुण) शून्य आणि नेचर उलटी ठेवायची, तर तो ६३ वर येतो आणि मग टायरॅनिटारपुढे पाऊस टिकतो. ऊन आणणाऱ्या टॉर्कोलपुढे मात्र हा उपाय चालत नाही. त्याचा मूळ स्पीड २० आहे, पूर्ण पाडला की २२ भरतो. टॉर्कोल समोर असला तर पहिल्या टर्नला ऊनच पडणार हे धरून चालावे.

पावसाळी : म्हणून पेलिपर मंदच ठेवावा. हवामान आधी, बाकी सगळं नंतर.

बारमाही : मग टेलविंड कोण लावणार? ६३ स्पीडचा पेलिपर टेलविंड लावेपर्यंत समोरच्या दोघांचा मारा होऊन गेलेला असतो. इलेक्ट्रिकचा मार त्याला चौपट बसतो, तेव्हा लावायला तो उरलाच तर. स्पीड वाढवला, नेचरसकट १२८ वर नेला, तर टायरॅनिटार, बर्फ आणणारा ॲबोमास्नो अशा सगळ्यांपुढे हवामान हरतो. एकाच पोकेमॉनकडून तुम्ही दोन उलट्या कामांची अपेक्षा करता.

बारमाही पंथाचे या पेचावरचे उत्तर पेलिपर टाळण्याचे आहे. टोर्नेडसची ‘प्रँकस्टर’ ॲबिलिटी त्याच्या हल्ला न करणाऱ्या मूव्हना अग्रक्रम देते. त्याच्या चार मूव्हपैकी एका जागी ‘रेन डान्स’ ठेवला की पाऊस हवा तेव्हा मागवता येतो. समोरच्याने अदलाबदल करून टायरॅनिटार आणला तरी त्याच टर्नला, बाकी कुणाचा मारा होण्याआधी, टोर्नेडस पाऊस परत आणू शकतो. पेलिपरला जे काम दोन टर्नांत आणि दोन मार खाऊन जमते ते इथे एका मूव्हमध्ये होते. शिवाय पाऊस नसतानाही टोर्नेडस टेलविंड लावतो, फ्लाइंगचा मारा करतो. जोडीला ‘सर्जिंग स्ट्राइक्स’वाला उर्शिफू असला तर पाऊस त्याला दीडपट देतो, आणि पाऊस नसला तरी तीनही घाव क्रिटिकल बसतात.

पावसाळी : पण रेन डान्स करताना टोर्नेडसचा तो टर्न गेला. पेलिपर नुसता आत येतो आणि पाऊस पडतो, त्याचा टर्न शिल्लक राहतो. पाऊस फुकट मिळणं आणि टर्न देऊन विकत घेणं यात फरक आहे. आणि टोर्नेडसच्या टीममध्ये पाऊस असतो कुणासाठी? एका उर्शिफूसाठी. एवढ्यासाठी ढग बोलवायचे असतील तर न बोलवलेलेच बरे.

हा टोमणा बोचरा आहे आणि बराचसा खराही. त्याची परीक्षा टीमच्या सहा जागा भरताना होते.

पावसाळी पंथ पहिली जागा पेलिपरला देतो. तो काय धरणार यावर त्या पंथातच दुमत आहे. डॅम्प रॉकने पाऊस आठ टर्न जातो, पण नाजूक पेलिपर आठ टर्न पाहायला जिवंत राहत नाही. ‘फोकस सॅश’ने पूर्ण एचपीवरचा एक मार १ एचपीवर निभावतो, म्हणजे टेलविंड किंवा ‘वाइड गार्ड’ एकदा तरी हमखास लागतो. एक वस्तू एकालाच देता येत असल्यामुळे सॅश पेलिपरला दिली की किंगड्राला मिळत नाही. दुसऱ्या जागेवर स्विफ्ट स्विमचा मारेकरी येतो. किंगड्रा असेल तर ‘मडी वॉटर’ दोघांनाही एकदम भिजवते. बॅस्क्युलिजन असेल तर ‘लास्ट रिस्पेक्ट्स’ आपल्या बाजूचे जितके पडले तितकी तापत जाते: मूळ ताकद ५०, प्रत्येक पडलेल्या सोबत्यामागे आणखी ५०.

तिसरी जागा सध्याच्या पावसाळी टीममध्ये जवळजवळ ठरलेली आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘द इंडिगो डिस्क’ने आर्केल्युडॉन आणला, स्टील आणि ड्रॅगन प्रकारचा. त्याची ‘इलेक्ट्रो शॉट’ एरवी पहिल्या टर्नला साठते आणि दुसऱ्या टर्नला सुटते. पावसात ती त्याच टर्नला सुटते. १३० ताकद, आणि मारण्यापूर्वी स्पेशल अटॅक एक पायरी वर. पावसाचे पाचही टर्न त्याला मिळाले तर तो पाच पायऱ्या चढलेला असतो. एवढी वेळ सहसा येत नाही, समोरचा त्याआधीच हात जोडतो.

बारमाही : इथे तुम्ही माझ्या अंगणात आलात. आर्केल्युडॉन चांगला का? कारण उघडिपीतही तो उभा राहतो. मार बसला की ‘स्टॅमिना’ने त्याचा डिफेन्स वाढतो, प्रकार बळकट आहे, ड्रॅगनचा मारा कोणत्याही हवामानात चालतो. बॅस्क्युलिजनचंही तेच, लास्ट रिस्पेक्ट्सला पाऊस लागत नाही. तुमची पावसाळी टीम ज्या दोघांमुळे जिंकते ते दोघे अर्धे बारमाही आहेत. निव्वळ पावसाळी म्हणावा असा किंगड्राच, आणि तोच हल्ली यादीबाहेर जातो.

पावसाळी : अर्धे बारमाही असले तरी टीम पावसाचीच राहते.

बारमाही : मग गॅस्ट्रोडॉन आला तर काय करणार?

हा प्रश्न पावसाळी टीम बांधणाऱ्या प्रत्येकाने आधीच स्वतःला विचारलेला बरा. गॅस्ट्रोडॉनची ‘स्टॉर्म ड्रेन’ जोडीदारावर सोडलेली पाण्याची मूव्हसुद्धा स्वतःकडे ओढून घेते, तिने काहीच इजा होऊ देत नाही आणि उलट स्वतःचा स्पेशल अटॅक वाढवते. ग्राउंड प्रकार असल्याने आर्केल्युडॉनची इलेक्ट्रो शॉटही त्याला लागत नाही. एक पोकेमॉन आणि टीमचे दोन्ही मुख्य मारे बंद. त्याच्यावर जालीम इलाज एकच, ग्रासचा मारा, जो त्याला चौपट बसतो. म्हणून पावसाळी टीममध्ये पावसाशी काही देणेघेणे नसलेला रिलाबूम सर्रास दिसतो. गॅस्ट्रोडॉनला तो पुरून उरतो, उतरल्याबरोबर ‘फेक आउट’ने समोरच्या एकाचा टर्न खातो, आणि पावसाचा फायदा उपटायला आलेल्या विरोधी पाणी प्रकारांनाही ठोकतो. हे शेवटचे काम सहज विसरले जाते. समोरच्याचा उर्शिफू तुमच्याच पावसात दीडपट मारतो. समोरच्याचा थंडर तुमच्याच पेलिपरवर न हुकता पडतो.

दुसरा प्रश्न ‘ट्रिक रूम’चा. ती लागली की पाच टर्न मंद आधी आणि वेगवान नंतर. २७४ स्पीडचा किंगड्रा तेव्हा सगळ्यांच्या मागे उभा राहतो. पाऊस चालू, मारा दीडपट, फक्त हात उचलायची पाळी शेवटची. तिच्यासाठी एखादी ‘टॉंट’, एखादा फेक आउट ठेवावा लागतो, किंवा आर्केल्युडॉनसारखा मार खाऊन मग मारणारा. असे एकेक प्रश्न सोडवता सोडवता सहांपैकी तीन जागा पावसाला आणि तीन पावसाच्या शत्रूंना जातात. पावसाळी याला टीमची पूर्तता म्हणतो. बारमाहीच्या मते हीच बारमाही टीम असते, फक्त छत्री घेतलेली.

बाकीच्या हवामानांकडे पाहिले तर हा वाद निराळा दिसतो. उन्हात टॉर्कोलला वेगाची गरजच नाही. पूर्ण एचपी असताना त्याची ‘इरप्शन’ १५० ताकदीची. दोघांवर पडत असल्याने पाऊण होते, मग प्रकाराचा आणि उन्हाचा दीड–दीड गुणक लागून २५३ च्या आसपास जाते, तीही दोघांवर. अडचण फक्त एवढीच की २२ स्पीडचा टॉर्कोल मारेपर्यंत त्याची एचपी पूर्ण राहत नाही. त्यावर खेळाडूंनी काढलेली युक्ती देखणी आहे. हिसुई भागातली लिलिगंट ‘क्लोरोफिल’मुळे उन्हात दुप्पट वेगाने धावते, सर्वांत आधी हलते आणि मारा न करता ‘आफ्टर यू’ने आपल्यानंतरची पाळी टॉर्कोलला देते. सगळ्यांत मंद पोकेमॉन सगळ्यांत वेगवानाच्या पाठोपाठ मारतो. इथे लिलिगंटच्या वेगाला हवामान लागते आणि टॉर्कोलच्या माऱ्यालाही, म्हणून ही जोडी अस्सल हंगामी म्हणायची. वाळूत एक्सकॅड्रिल ‘सँड रश’ने तसाच धावतो, त्याबद्दल वेगळे सांगण्याजोगे फारसे नाही.

बर्फाची तऱ्हा वेगळी. गारपिटीचे नवव्या पिढीत, २०२२ पासून, बर्फात रूपांतर झाले: एचपी झिजणे बंद झाले आणि आइस प्रकाराचा डिफेन्स दीडपट झाला. पण बर्फाची टीम खरी उभी राहते ‘ऑरोरा व्हेल’वर. ही मूव्ह बर्फ असतानाच लावता येते, मात्र एकदा लागली की बर्फ गेला तरी तिची मुदत संपेपर्यंत टिकते आणि सगळ्या टीमवरचा मार कमी करते. दार उघडण्यापुरता बर्फ लागतो, आत बसायला लागत नाही. अलोलाची नाइनटेल्स उतरली, बर्फ पडला, त्याच टर्नला व्हेल लागली. पुढे वाळू आली की ऊन आले, तिला फरक पडत नाही. धोका एकच: तिचा मूळ स्पीड १०९ असल्याने समोर हवामान आणणारा मंद पोकेमॉन एकदम उतरला तर बर्फ पहिल्याच क्षणी पुसला जातो आणि व्हेल लागतच नाही.

पावसाळी : तरी हवामानावर जगज्जेतेपद मिळालंच आहे. २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वुल्फ ग्लिकने जिंकलेली टीम कायोगरची होती.

बारमाही : कायोगरची आणि रेक्वाझाची. हे दुसरं नाव महत्त्वाचं.

त्या वर्षीच्या नियमांत राखीव वर्गातले दोन पोकेमॉन चालत होते. प्रायमल ग्राउडन आणि झर्नियास ही जोडी जिकडे तिकडे होती. प्रायमल ग्राउडनच्या कडक उन्हात पाण्याची मूव्ह कमी लागत नाही, साफ वाया जाते, आणि साध्या रेन डान्सने ते ऊन हटत नाही. तोडीस तोड म्हणजे प्रायमल कायोगरचा मुसळधार पाऊस, ज्यात आगीची मूव्ह वाया जाते. दोघांचाही मूळ स्पीड ९०, त्यामुळे एकदम उतरल्यावर कोणाचे हवामान टिकणार हे ईव्हींच्या एकेका आकड्यावर ठरे. रेक्वाझाचे ‘एअर लॉक’ मैदानावरच्या हवामानाचे सगळे परिणाम थांबवते, कडक उन्हाचेही. म्हणजे रेक्वाझा शेजारी उभा असला की कायोगरला पावसाचा दीडपट फायदा मिळत नाही, पण ग्राउडनच्या उन्हाची ढालही जाते. पाण्याची साधी मूव्ह ग्राउडनवर पोहोचते आणि आग–ग्राउंड असा दुहेरी प्रकार असल्याने चौपट बसते.

पावसाळी : म्हणजे हवामान हाताळूनच जिंकला.

बारमाही : स्वतःचं गमावून समोरच्याचं घालवलं. याला पावसाची टीम म्हणायचं का?

याची उत्तरे दोघांनी दोन दिली असती, आणि एका परीने दोन्ही बरोबर असती. प्रत्यक्ष टीम बांधताना हा वाद सरावात मिटतो किंवा चिघळतो. पोकेमॉन शोडाउन या संकेतस्थळावर सराव करणारे जाणकार एक कसोटी वापरतात: पेलिपर सहांत ठेवायचा, पण काही लढती चारांत न घेता खेळायच्या. उरलेल्या पाचांतून चार निवडून साध्या टीमसारख्या लढती जिंकता येत असतील तर पाऊस वरकड आहे. एकही निवड जमत नसेल तर पहिल्या टर्नचा टॉर्कोल सगळी टीम घेऊन जाईल.

या कसोटीतून आणखी एक गोष्ट हाती लागते. पेलिपर यादीत दिसला की समोरचा त्याच्यासाठी जागा अडवतो: गॅस्ट्रोडॉन चारांत येतो, टायरॅनिटार पहिल्या दोघांत येतो. आणि मग दार उघडून रिलाबूम आणि बॅस्क्युलिजन बाहेर पडतात, पेलिपर बाहेरच बसलेला असतो, आणि गॅस्ट्रोडॉनसमोर ग्रासचा पोकेमॉन उभा असतो.